एका आंघोळीपुरती वडी

किहीमला समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नारळीच्या वाडीत सोनल मॅडमची कॉटेजेस आहेत. कल्पिता म्हात्रे तिथं खोल्या आवरायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, रसायनशास्त्र तिथंच सुटलं.

पाहुणे गेले की न्हाणीघरात शाम्पूच्या बोटभर बाटल्या उरायच्या, निम्म्याहून अधिक भरलेल्या. उघडलेली बाटली दुसऱ्याला देता येत नाही. त्या वाडीमागच्या खड्ड्यात जायच्या आणि माळी त्यांना काडी लावायचा. खड्ड्यापलीकडेच कल्पिताचं घर. सासू भागुबाई ओटीवर तोंडाला पदर लावून बसलेली असायची.

"डोलं झोंबतान गो," एवढंच म्हणायची आणि खोकत आत जायची.

बाटलीत बहुतेक पाणीच असतं हे कल्पिताला ठाऊक होतं. न्हाणीघरात पाण्याला काय तोटा? मग तेच पाणी प्लास्टिकात कोंडून ट्रकनं इथवर आणायचं कशाला? शाम्पूची कोरडी वडी करावी, सुपारीएवढी, एका आंघोळीपुरती. म्हणजे काही उरणारच नाही.

बोलायला सोपं होतं. पहिल्या वड्या दमट हवेत चिखल झाल्या. पुढच्या इतक्या टणक की फेसच येईना. भागुबाईनं केसांवर हे सगळं कुरकुर न करता सोसलं. दोन पावसाळे असे गेले आणि मग कधीतरी शिकेकाई, खोबरेल, मुलतानी माती आणि फेसाची पावडर यांचं जमलं. वडी पाण्यात बोटांनी चुरली की भुरभुर फेस यायचा.

सोनल मॅडमनी दोन खोल्यांत ठेवून पाहिली, मग सगळ्या. कल्पिता स्टीलच्या डब्यातून वड्या न्यायची, खोलीत माणसं किती ते बघून वाटीत तेवढ्याच ठेवायची. ना कागद, ना झाकण. आठ महिने खड्ड्यात शाम्पूची एक बाटली पडली नाही. तेवढ्या दिवसांत कल्पिता चालायचीसुद्धा ताठ.

मग सोनल मॅडमनी कॉटेजेस एका बुकिंग कंपनीला जोडली. कंपनीकडून विपुल नावाचा तरुण आला. त्यानं वडी हातात घेतली, वास घेतला.

"कल्पना मस्त आहे, ताई. पण उघडी नाही चालणार. पाहुण्याला वाटतं, कुणीतरी वापरलेली आहे. आपण तुमचीच वडी घेऊ, फक्त सीलबंद. आमचं पॅकिंग भिवंडीला होतं."

"इथं बनते, इथंच लागते," कल्पिता म्हणाली. "ती भिवंडीला कशाला?"

"सिस्टिम तशी आहे."

सोनल मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मला पटतंय गं तुझं. पण माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

नाही म्हटलं तर बाटल्या परत येणार होत्या. म्हणून ती हो म्हणाली.

वड्यांचं पोतं टेम्पोनं गेलं. तीन आठवड्यांनी खोकी आली. खोक्यात फुग्यांचं प्लास्टिक, त्यात डब्या, डबीत चकचकीत पाकीट आणि पाकिटात वडी. खोल्या कल्पिताच आवरत होती, त्यामुळे ते सगळं फोडून खड्ड्यात टाकायचं कामही तिच्याकडेच आलं. एका खोक्याचा कचरा टोपलीत मावेना. शिवाय हवा न लागल्यानं वड्यांना आतून घाम सुटला होता. निम्म्या पाकिटाला चिकटून बसल्या होत्या. पाहुण्यांनी फोटो काढून तक्रारी टाकल्या.

महिन्याभरात बाटल्या आल्या. पूर्वीपेक्षा लहान, म्हणजे संख्येनं जास्त.

वडी घेता का, असं तिनं आजूबाजूला विचारून पाहिलं. एका कॉटेजवाल्यानं पाकिटाशिवाय नको म्हटलं. दुसऱ्याकडे तीच कंपनी होती. तिची मुलगी अमिषा घरची वडी वापरायची, तीही आता दुकानातली शाम्पूची पुडी मागू लागली. कल्पितानं पुडी आणून दिली.

भागुबाईला अलिबागच्या डॉक्टरनं धुरापासून लांब राहायला सांगितलं. लांब म्हणजे कुठं, ते कुणाला सुचलं नाही. ओटीचं दार लावून घेतलं, झालं.

यंदा अलिबागच्या कॉलेजातून किशोरी नावाची मुलगी आली. प्रोजेक्टसाठी वडीची कृती हवी होती. वही उघडून, पेन धरून दारात उभी राहिली.

"मावशी, प्रमाण काय होतं?"

कल्पिताला प्रमाण तोंडपाठ होतं. तिनं त्या मुलीच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं.

"आठवत न्हाय आता," ती म्हणाली, आणि भिजवलेल्या चादरी पिळायला वळली.