सोडियमकाकांची सुट्टी

सोडियमकाकांच्या अंगाला घासलेटाचा वास यायचा. आंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले तरी यायचा. देवासच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे परिचर होते, आणि घासलेटात बुडवून ठेवतात त्या सोडियमच्या बाटलीला हात लावायची परवानगी अख्ख्या शाळेत फक्त त्यांना होती. ही परवानगी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती. मी रसायनशास्त्राची शिक्षिका, म्हणजे कागदोपत्री त्यांची वरिष्ठ, पण ती बाटली मलासुद्धा लांबूनच दाखवली जायची.

लग्न होऊन मी नगरहून देवासला आले ते ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास. नवरा इथल्या कारखान्यात नोकरीला. शाळा हिंदी माध्यमाची आणि माझं हिंदी सिनेमे बघून शिकलेलं. पहिल्याच तासाला आवर्तसारणीतले धातूंचे गण शिकवायला उभी राहिले आणि दुसऱ्या गणाला 'अल्कधर्मी मृदा धातू' म्हणून मोकळी झाले. पन्नास मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मागे परीक्षानळ्या पुसत असलेले काका नळीकडेच बघत म्हणाले, "क्षारीय मृदा धातु, बाई. मॅग्नेशियम, कॅल्शियमवाले." त्या तासाला त्यांनी मला असं तीनदा सांभाळून घेतलं आणि नंतर त्याबद्दल कुठे चकार शब्द काढला नाही.

मूळचे ते धारचे. आजोबा संस्थानी नोकरीत होते. काकांचं शिक्षण मात्र अकरावीत अडकलं, लग्नही राहून गेलं. धारच्या घरी धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं. काका देवासला एका खोलीत भाड्याने राहायचे. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं. माझ्यासारख्या पंचविशीतल्या मुलीलाही ते "आपण" म्हणत, त्यामुळे सुरुवातीला मी मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

सोडियमचा प्रयोग असला की त्या दिवशी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असत. चिमट्याने ढेप बाहेर काढायची, टिपकागदावर टिपायची, सुरीने मुगाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी लखलखायची आणि बघता बघता मळायची. तुकडा पाण्यावर सुं सुं करत सैरावैरा धावायला लागला की मुलं पुढे सरकत. मग काकांचा ठरलेला दम यायचा, माळव्याच्या चालीने 'भैया'चा 'भिया' करून, "भिया, पीछे. ये सबसे मिलने दौड़ता है, किसी को पहचानता नहीं." पहिल्या गणाला ते तापट घराणं म्हणत. लिथियम समजूतदार, सोडियम उतावीळ, पोटॅशियम तर पाण्याला टेकताच पेटून उठणार. जसजसं खाली जावं तसतसा राग वाढत जातो, हे मी फळ्यावर इलेक्ट्रॉन काढून शिकवायची आणि काकांनी ते एका वाक्यात आधीच सांगून टाकलेलं असायचं.

तांबं, चांदी, सोनं या गणाबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. एकदा डबा खाताना म्हणाले, "सोनं कुणात मिसळत नाही, हवेशी नाही, पाण्याशी नाही. त्याला सगळे जपतात. आणि हा बिचारा ज्याच्या त्याच्याकडे धाव घेतो, तर याला बाटलीत कोंडायचं." मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि नळाकडे गेले.

बाटलीतलं घासलेट कमी झालं आणि सोडियम उघडा पडला तर घात, म्हणून काका रोज ते तपासत. रोज म्हणजे रविवारी, दसऱ्याला, उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा. सगळी शाळा ओस पडलेली असायची आणि काका साडेदहाला प्रयोगशाळेचं कुलूप काढून पाचला लावत. धारला का जात नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "जाईन हो, पण याला कुणावर सोडून जाऊ?" घट्ट बुचाच्या बाटलीकडे आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरतं, हे मला ठाऊक होतं. म्हातारा कामाचा फार बाऊ करतो, एवढंच मला वाटे.

मला दुसऱ्याचं भलं करायची भारी हौस. बहुधा सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत मी काकांच्या मागे लागले. "किल्ली माझ्याकडे द्या. घासलेट मी बघते. तुम्ही सणाला आपल्या माणसांत जा." ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी मी प्राचार्यांना सांगून त्यांची रीतसर रजा मंजूर करून आणली. आता बोला, म्हटलं. काकांनी खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. मला केवढं कृतकृत्य वाटलं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी मी बाटली बघायला शाळेत गेले, तर काका प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेले. चांगल्या कपड्यांत, दाढी केलेली. "काल जाऊन आलो, बाई. सगळी मजेत आहेत," म्हणाले. मी कुलूप काढलं. बाटलीत घासलेट पुरेसं होतं, तरी त्यांनी चमचाभर घातलं. बूच लावता लावता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "चहा दिला, चिवडा दिला. मग भावजय म्हणाली, भाऊजी, परतीची गाडी कितीला आहे? मी म्हटलं, साडेतीनला. साडेतीनला गाडी आहे की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं."

त्या क्षणी मला कळलं की मी काय करून बसले होते. धारला न जाण्यासाठी त्या माणसाकडे एकच कारण होतं आणि सुट्टीत जाऊन बसायला एकच जागा होती. दोन्ही मी काढून घेतली होती, वर रजाही मंजूर करून आणली होती. घासलेटाच्या वासाने माझं डोकं दुखतं, असं काहीतरी सांगून मी किल्ली परत दिली. घरी जेवायला चला, असं मात्र म्हटलं नाही. घरी सासरची माणसं होती, काकांना अवघडल्यासारखं होईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला आणखी एक पान वाढायचा कंटाळा आला होता. याची लाज मला आजही वाटते.

दोन हजार चारमध्ये काका निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. किल्ली नव्या माणसाकडे गेली. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तर दाराला कुलूप. घरमालकीण कौतुकाने म्हणाली, "काका तो धार गए, मैडमजी. सुबे ही बैग ले के निकल गए. अब रिटायर हो गए, तो त्योहार घर पे मनाएँगे." मला बरं वाटलं. शेवटी भावाने बोलावलं म्हणायचं.

परतीच्या वाटेवर बसस्टँड लागतो. काका तिथे बाकावर बसलेले होते. पायाशी बॅग. समोर इंदूरची गाडी उभी, कंडक्टर ओरडून दमलेला. धारला जायचं तर इंदूरला बदलावं लागतं. गाडी निघून गेली, काका उठले नाहीत. मी शेजारी जाऊन बसले. दुसरी गाडी आली, तीही गेली.

"काका, माझा भाऊ नगरला असतो. बारा वर्षांत एकदाही भाऊबीजेला आलेला नाही," मी म्हटलं. "चला घरी."

"मालकीणबाईंना सांगून निघालोय, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दुपारीच परत गेलो तर त्या काय म्हणतील?"

"दुपारी नकाच जाऊ. उद्या जा. परवा जा."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसून परत लावला आणि उभे राहिले. त्यांनी वाकायच्या आत मी बॅग उचलली. ती हाताला लागलीच नाही, इतकी हलकी. आत काहीच नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बॅग दोन्ही हातांनी धरली आणि जड असल्यासारखी सांभाळत ऑटोपर्यंत नेली.