व्याह्यांनी आणलेला कागद

“सही तुझीच आहे?” मी विचारलं.

“माझीच आहे.”

“आणि सही करण्याआधी कागद वाचला होतास?”

“नाही,” वैशाली म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी, नानांनी, मान खाली घातली.

माझ्या वकिलीच्या टेबलावर कॅनडातल्या कोर्टाचा घटस्फोटाचा निकाल होता. नवरा तिकडे इंजिनिअर. लग्नानंतर चार महिन्यांत निघून गेला, व्हिसा झाला की बोलावतो म्हणाला. वैशाली दोन वर्षं असोद्याला माहेरी वाट बघत बसली. आली ती या निकालाची पीडीएफ, व्हॉट्सॲपवर. खाली एक ओळ होती, ‘पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा.’ ती वाचून माझं डोकंच फिरलं.

निकालाला वैशालीचं संमतीपत्र जोडलेलं होतं. घटस्फोट तिथल्या कोर्टात व्हायला माझी हरकत नाही, असा त्यातला इंग्रजी मजकूर. सासरे साक्रीहून पेढे घेऊन आले होते. भरीत-पुरीचं जेवण झालं, मग त्यांनी ‘व्हिसाचे कागद’ काढले. त्यांनी बोट ठेवलं तिथे हिने सही केली. वैशाली बी.एस्सी. झालेली. नाना निवृत्त हेडमास्तर, पोरांच्या पेपरातला काना-मात्रा न सोडणारे. मी दोघांवरही भडकले.

“मॅडम, व्याह्यांच्या देखत कागद वाचायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होतं,” नाना म्हणाले. “आमच्यात तसं करत नाहीत.”

हा शिष्टाचार फक्त मुलीकडच्यांनीच पाळायचा असतो, याची मला चीड आहे. तसं मी त्यांना सांगितलंही.

परदेशी कोर्टाचा निकाल आपल्याकडे डोळे झाकून मानत नाहीत. बायकोला बाजू मांडायची संधी मिळाली का, कुठे फसवणूक झाली का, हे आपलं कोर्ट तपासतं. पण तिने स्वतःहून संमती दिली असेल तर बोलायला जागा उरत नाही. म्हणून तर नवऱ्याला ती सही हवी होती. आता संमती फसवून घेतली हे मला सिद्ध करायचं होतं.

वैशालीच्या जुन्या, काच फुटलेल्या मोबाइलात नवऱ्याचा मेसेज सापडला. ‘उद्या बाबा व्हिसाच्या फॉर्मवर सही घ्यायला येतील.’ तो निकाल तिच्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मिळावं म्हणून आम्ही जळगावच्या कोर्टात दावा लावला.

मुलाचा मुखत्यार म्हणून सासरेच साक्षीला उभे राहिले. त्यांना फाडून खायच्या तयारीनेच मी गेले होते. तो कागद कसला होता, मी विचारलं.

“माले काय माहीत? पोऱ्यानी सांगं, व्हिसाना कागद शे.”

म्हणजे त्यांनीही वाचला नव्हता. पोटच्या पोराने म्हाताऱ्या बापालाही वापरून घेतलं होतं. त्या माणसावर ओरडायचं माझ्याच्याने झालं नाही.

संमती फसवणुकीची ठरली. तो निकाल वैशालीला लागू नाही, असं कोर्टाने सांगितलं. कायद्याने ती पुन्हा त्याची बायको. आठवड्याने ती ऑफिसात आली आणि म्हणाली, “आता घटस्फोट मी मागते.”

मी नवीन वकीलपत्र पुढे सरकवलं आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. नानांनी कागदावर हात ठेवला, खिशातून चष्मा काढला.

“राग मानू नका मॅडम. आधी वाचतो.”

त्यांनी सगळं वाचलं, मग वैशालीने वाचलं. बाहेर दोन पक्षकार ताटकळले. कागद कुणी आणलाय ते बघायचं नसतं, आत काय लिहिलंय ते बघायचं असतं. नानांनी सातव्या ओळीचा अर्थ विचारला. इतक्या वर्षांत तो मला कुणी विचारला नव्हता. सांगण्याआधी मला ती ओळ वाचावी लागली.