हलक्या सुईचं यंत्र

माझ्या आईचा आवाज एकाच रेकॉर्डमध्ये उरला होता, आणि त्या रेकॉर्डवर सुई टेकवायची माझी हिंमत होत नव्हती.

आई वालूरकडच्या एका खेड्यात राहायची. रोजानं शेतात जायची आणि गायची. वस्तीतली जयंती असो, लग्न असो, तिच्या भीमगीतांशिवाय काही पार पडायचं नाही. मी शाळेत असताना एका छोट्या कंपनीच्या माणसांनी तिला कुठल्याशा कार्यक्रमात ऐकलं, हैदराबादला नेलं आणि तिच्या दोन गाण्यांची लहान रेकॉर्ड काढली. मोबदला म्हणून रेकॉर्डचाच एक गठ्ठा हातात ठेवला. आईनं त्या रेकॉर्ड पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवल्या. आमच्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं. लाउडस्पीकरवाला यायचा तेव्हाच ती स्वतःला ऐकायची, तेही तोंडावर पदर धरून.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीला आग लावली. माणसं ज्वारीत जाऊन बसली म्हणून वाचली. घरं गेली, पेटी गेली. ओल्या रानात बसून आईला ताप भरला तो पुन्हा नीट उतरलाच नाही. हिवाळ्यात ती गेली. मामा पूर्णेला रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये एक रेकॉर्ड राहून गेली होती. माझ्या लग्नात मामांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

मी परभणीला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. मिस्टर रेल्वेच्या सिग्नल खात्यात. रोज पूर्णेला जाऊन-येऊन करायचे. आम्ही एका गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खाली घरमालक राहायचे. पिंगळीकडं त्यांची मोठी शेती होती. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. ते "बरं, बरं" म्हणाले आणि आम्ही पुढं काही बोललो नाही. त्या न बोलण्यावर आम्ही राहत होतो. बुद्धाची तसबीर कपाटाच्या आत होती. कोणी घरी आलं आणि सहज जयभीम म्हणालं, तर माझा जीव जिन्याकडे लागायचा.

एकदा जयंतीला पूर्णेला गेलो होतो. मी ती रेकॉर्ड मुद्दाम बरोबर नेली. लाउडस्पीकरवाल्यानं ती आपल्या यंत्रावर ठेवली आणि वरून सुई सोडली. सोडलीच. कर्ण्यातून आधी नुसती खरखर आली, मग आईचा आवाज आला. गोधडीत तोंड घालून कोणी गावं तसा. मिस्टर उठले आणि त्यांनी ती काढून घ्यायला लावली. घरी आल्यावर त्यांनी खिडकीशी भिंग धरून ती पाहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"खाच घासली गेलीय. दर वेळी सुई फिरते तेव्हा थोडं खरडून नेते. तिथलं यंत्र जड होतं."

"म्हणजे वाजवली की आई कमी होते?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी रेकॉर्ड ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. त्यानंतर ट्रंक सरकवायची झाली तरी हाताला घाम यायचा. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, मग वाटायचं आत ती वाकडी होत असेल. पावसाळ्यात वाटायचं बुरशी धरली असेल. आणि न ऐकता ठेवावी, तर आईचा आवाज कसा होता हेच मी विसरत चालले होते. तो आठवायचा प्रयत्न केला की तिच्या जागी लाउडस्पीकरची खरखर यायची.

कॅसेटवर उतरवून घ्या, असं मामा म्हणायचे. पण उतरवायलाही ती आधी वाजवावी लागणार. कशावर वाजवायची?

शेवटी मिस्टरांनीच ठरवलं. त्यांचे एक साहेब सिकंदराबादला होते, गाण्याचे शौकीन. त्यांनी सांगितलं, रेकॉर्ड जपायची असेल तर चांगलं टर्नटेबल घ्या, सुई धरणारा हात हलका असलेलं. असं यंत्र परभणीत कोणी पाहिलेलंही नव्हतं. आम्ही हैदराबादला गेलो. रेकॉर्ड मी दोन पाट्यांच्या मध्ये बांधून, ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. रात्रभर डोळा लागला नाही. शेजारच्या बाईनं झोपेत माझ्यावर मान टाकली तर मी तिला ढकललंच.

दुकान आबिड्सला होतं. दुकानदार म्हातारे, पांढऱ्या कुडत्यातले गृहस्थ. त्यांनी आमच्यासमोर तीन यंत्रं मांडली. पहिलं सुटकेससारखं, लाल रेक्झिनचं, दिसायला फार देखणं. त्यावर पाच-सहा रेकॉर्ड एकावर एक चढवायच्या, एक संपली की दुसरी वरून धप्पकन पडायची. 

"हे नको," मी म्हटलं.

दुसरं जपानी, चंदेरी. एक बटण दाबलं की हात आपोआप उठून रेकॉर्डवर जायचा. मिस्टरांना ते आवडलं. ते वाकून वाकून आतलं बघायला लागले. तिसरं जुनं, कोणी परदेशी जाताना विकून गेलेलं. लाकडी चौकट, जाड काचेची थाळी, रबरी पट्ट्यावर फिरणारी. आपोआप काहीच नाही. हात आपणच न्यायचा, आपणच उचलायचा. हाताच्या मागच्या टोकाला वजन होतं, ते फिरवून सुईचा भार कमी-जास्त करता यायचा.

"आपका रिकार्ड लाए ना? लगाके देखो," दुकानदार म्हणाले.

मी ओढणी घट्ट धरली. "नाही."

"अपना रिकार्ड बजाए बिना कैसा पसंद करते, अम्मा?"

"एकच आहे," मिस्टर म्हणाले. "यांच्या आईचं."

म्हाताऱ्यांनी पहिल्या यंत्राचा हात उचलला. मग म्हणाले, "नाखून आगे करो."

मी घाबरत अंगठा पुढं केला. त्यांनी पहिल्या यंत्राची सुई माझ्या नखावर टेकवली. बाभळीचा काटा रुतावा तसं झालं. जपानी यंत्राची सुई लागली, पण बोचली नाही. मग त्यांनी तिसऱ्याच्या मागचं वजन दोनदा फिरवलं आणि तो हात माझ्या नखावर सोडला. मुंगी येऊन थांबावी तेवढंच कळलं. मी नखाकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले, पण ते समाधानानं नव्हे. पूर्णेला त्या दिवशी आईवरून काय फिरलं होतं, ते मला पहिल्यांदा अंगाला कळलं होतं.

"हेच," मी म्हटलं.

मिस्टर अजून जपानीकडे बघत होते. "त्या जुन्यावर सगळं हातानं करावं लागेल. तुझा हात थरथरतो."

"थरथरू दे. निदान हात माझा असेल."

पैसे देताना मी हळूच विचारलं, आवाज खोलीबाहेर जाणार नाही असं काही आहे का. म्हातारे हसले. "लोगां आवाज बढ़ाने की बात करते अम्मा, आप छुपाने की करते." मिस्टर खाली बघायला लागले. ते पाहून म्हाताऱ्यांचं हसू गेलं. त्यांनी कपाटातून कानाला लावायचे हेडफोन काढले आणि यंत्राबरोबर घेतलेल्या अॅम्प्लिफायरला जोडून दाखवले. वायर खोचली की स्पीकर बंद. वायर काढली की स्पीकर चालू.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मिस्टरांनी यंत्र पाणसळ धरून अगदी सपाट बसवलं. मी दार लावलं, कडी घातली, पुन्हा ओढून बघितली. हेडफोन कानाला लावले आणि हात रेकॉर्डवर नेला. तो थरथरतच होता.

आधी थोडी खरखर, आणि मग गाण्याच्या आधी आईनं श्वास घेतला. मी दचकून मागं वळले. ती माझ्या मानेपाशीच होती. तिच्या बांगड्या वाजल्या. एका कडव्यानंतर ती घसा साफ करते आणि तबलेवाला हलकेच काहीतरी म्हणतो, हे लाउडस्पीकरवर कधीच ऐकू आलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीतीच वाटली. मेलेलं माणूस इतकं जवळ आलं की वाटते ती. त्यातच टिक् असा बारीक आवाज झाला की काळजात व्हायचं, हे आधीचं आहे की आत्ता माझ्या हातानं झालं? ओळीच्या शेवटी आई मोठ्यानं 'जयभीम' म्हणायची. दर वेळी मी दाराकडे बघायची. कानाला हेडफोन होते, तरी बघायची.

महिन्यातून एकदा, एवढंच ऐकायचं आम्ही ठरवलं. कॅसेटवर उतरवायचं यंत्र सिकंदराबादचे साहेब पाठवणार होते.

त्याआधीच नामांतराचा विषय पुन्हा वर आला आणि विरोधकांनी बंद पुकारला. माझ्या कचेरीतले साहेब म्हणाले, येऊ नका. मिस्टर आदल्या दिवशीच पूर्णेला ड्यूटीवर गेले होते. गाड्या थांबल्या असं सकाळी कळलं. गल्ली सामसूम होती. मी पोळ्या केल्या, त्या तशाच झाकून ठेवल्या. दुपारपर्यंत एकटीनं बसवेना. आईचा आवाज ऐकला तर धीर येईल असं वाटलं आणि मी रेकॉर्ड लावली.

दुसऱ्या कडव्याला कानातल्या गाण्याच्या पलीकडून घोषणा यायला लागल्या. मोर्चा गल्लीच्या तोंडाशी आला होता. मी खिडकी लावायला उठले. हेडफोन कानालाच होते, हे लक्षात राहिलं नाही. वायर ताणली गेली, सुटली, आणि स्पीकरमधून आई मोठ्यानं गायला लागली.

उघड्या खिडकीतून तिचा 'जयभीम' थेट खाली गेला.

मी खिळून उभी राहिले. झडप घालून सुई उचलावी तर रेकॉर्डवर ओरखडा जाणार, आणि दुसरी रेकॉर्ड कुठेच नव्हती. न उचलावी तर आई गातच होती. खाली घोषणा थांबल्या. आवाज कमी करायचं बटण समोर होतं, ते मला सुचलंच नाही. मी थाळी फिरवायचा खटका तेवढा बंद केला. थाळी एकदम थांबत नाही. आईचा आवाज हळूहळू खाली जायला लागला. आधी जड झाला, मग पुरुषासारखा, मग कोणी गळा दाबल्यासारखा घरघरला आणि बंद पडला. तो आवाज अजून कधीकधी मला झोपेतून उठवतो.

जिन्यावर पावलं वाजली. कडी वाजली.

"बाई, उघडा. मी हाय."

खालच्या मालकीणबाई होत्या. आत आल्या, यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय व्हतं ते?"

"रेडिओ," मी म्हटलं.

"रेडिओवर असलं लागत न्हाई." त्यांनी स्वतःच खिडकी लावून घेतली. "कोपऱ्यावर पोरं हुबी हायेत. इचारायलेत, कुणाच्या घरातून आलं."

 "तुम्ही काय सांगितलं?"

"मागच्या गल्लीतून आलं म्हनलं. गेले तिकडं." त्या खाटेवर टेकल्या.  "लय भ्याले बाई मी. घर माजंबी हाय." मग यंत्राकडे बघत, "कोन हाय ती बाई?"

"माझी आई."

"हाय का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. उठल्या, दारात थांबल्या. "त्या पोरास्नी खोटं सांगितलं, पन मालकास्नी खोटं सांगनं माज्यानं व्हायचं न्हाई. ते गावाकडून आले की कळंलच. तुमी दुसरीकडं बघा बाई. त्यांनी काडायच्या आदी तुमीच बघा."

"मागच्या गल्लीत कोण राहतं?" मी विचारलं. त्या तशाच जिना उतरून गेल्या.

मिस्टर दिवेलागणीला आले. गाडी पिंगळीला अडवून धरली होती. तिथून ते रुळाकडेनं चालत आले होते. त्यांना बघून मी जमिनीवरच बसले. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग सुई उचलली. ज्या जागी थाळी थांबली होती, तिथं भिंगातून एक बारीक ठिपका दिसत होता. तो आधीचा की नवा, हे आम्हाला कधीच ठरवता आलं नाही.

घरमालक गावाकडून यायच्या आत आम्ही खोल्या सोडल्या. ते भेटले असते तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मागच्या गल्लीत त्या दिवशी काही झालं नाही, हे मी दोन-तीन जणांकडून खात्री करून घेतलं. मिस्टरांना पूर्णेला क्वार्टर मिळालं. सिकंदराबादच्या साहेबांचं यंत्र आलं आणि आई कॅसेटवर उतरली. श्वास, बांगड्या, घसा साफ करणं आणि तो ठिपका धरून.

क्वार्टरमध्ये आजूबाजूला बरीचशी आमचीच माणसं होती. मिस्टर म्हणाले, आता स्पीकरवर लाव. एका सकाळी ते ड्यूटीवर गेल्यावर मी लावली. पहिलं कडवं संपायच्या आत दार वाजलं.  मी थाळी बंद केली, आणि आईचा आवाज पुन्हा तसाच खाली खाली गेला. दार उघडायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

शेजारची बाई होती, कडेवर लेकरू घेऊन. "बंद का केलं वो? आमी ऐकायलो होतो की."

"मिस्टर आल्यावर लावते," मी म्हटलं.

संध्याकाळी लावली. पाच-सहा घरच्या बाया येऊन ओट्यावर बसल्या. मिस्टर यंत्रापाशी होते आणि मी दाराशी उभी होते, कडीवर हात ठेवून. ते घरी नसताना ती रेकॉर्ड मी पुढं कधीच लावली नाही.