गंधक निघाल्याची खूण

३ नोव्हेंबर, मंगळवार. दोन जीव गेले: एक ऑपरेटर, एक फिटर.

ऑपरेटर हा त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या बाईंचा धाकटा दीर. त्याला तिथे शब्द टाकून बाईंनीच लावले होते. फिटर त्याला ओढून काढायला धावला आणि त्याच्यावरच कोसळला.

बाईंना सगळे ‘शंकाबाई’ म्हणत. धुतलेली बाटली त्या पुन्हा धूत आणि तराजूला रोज नव्याने पारखून घेत. दीर म्हणायचा, “वहिनी, तुम्ही आरशातल्या बाईलासुद्धा ओळखपत्र मागाल.”

काम एका औषधाच्या कच्च्या मालाचे. त्याच्या रेणूत एका ठिकाणी गंधक असे. तो काढून तिथे ऑक्सिजन बसवायचा. पूर्वी हे पेरॉक्साइडने, थंड ठेवून, थेंबाथेंबाने होई आणि गंधक मुकाट्याने क्षार होऊन पाण्यात उतरे. मग स्वस्ताची वाट सापडली: आम्ल, पाणी आणि उष्णता. आता ऑक्सिजन पाण्यातून मिळे, आणि सुटलेला गंधक सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू होऊन बाहेर पडे. तो जिरवायला शेजारी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा मनोरा होता. कॉस्टिक दमले, की वायू तुंबत असे.

काम पुरे झाले की नाही, हे प्रयोगशाळेच्या चिठ्ठीने ठरायचे. पण चिठ्ठीला पाऊण तास लागे. म्हणून जुन्या कामगारांनी आपली खूण ठरवली होती. वास गेला, की गंधक संपला. दीर हेच शिकला. वायू फार झाला तर आधी नाकच मरते, हे त्याला कोणी शिकवले नाही. त्या मंगळवारी दुपारी “वास गेला” असे म्हणून त्याने टाकीचे झाकण उघडले.

चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी फलकावर कागद लावला: ऑपरेटरने चिठ्ठीची वाट पाहिली नाही, दोष त्याचाच. चौकशीत हे टिकले असते, तर दोन्ही घरांची भरपाई नाकारायला कारखान्याला निमित्त मिळाले असते.

बाईंना पहिली शंका आली ती मनोऱ्याची. वायू झाकणापाशी तुंबलाच कसा? कॉस्टिकच्या जोराची सकाळची नोंद त्या स्वतः करीत. वही कपाटात नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, बांधणीला दिली आहे. अर्धी कोरी वही बांधणीला कोण देतो, असे विचारल्यावर त्यांनी बाईंना मायेने चार दिवसांची रजा देऊ केली. त्या मायेचीच बाईंना भीती वाटली.

घरी नवरा म्हणाला, मेलेला परत येत नाही, विस्तवाशी खेळू नकोस. त्याला कोण भेटून गेले, हे बाईंनी विचारले नाही. विचारले तर तो खोटे सांगेल, अशी शंका होती. धाकटी जाऊ तेवढी स्पष्ट बोलली.

“ताई, तुम्ही पेल्यातल्या पाण्यावरही शंका घेता. त्या दिवशीच कशी नाही घेतलीत?”

शंका त्यांनी घेतली होती. कॉस्टिक दहा टक्के हवे, त्या सकाळी तीन भरले. व्यवस्थापक म्हणाले होते, एवढी एक बॅच निघू द्या, संध्याकाळी बदलू. आणि बाईंनी आकड्याखाली लिहिले होते, ‘आजची बॅच चालू शकते’, वर सही. आयुष्यभर बाटल्यांवर शंका घेणाऱ्या या बाईने माणसाच्या हुद्द्यावर मात्र कधी शंका घेतली नव्हती.

नवे कॉस्टिक मागवताना त्या नोंदीची कार्बनप्रत मागणीपत्राला जोडून भांडारात धाडावी लागे. त्या सकाळचीही गेली होती; ती मागायला बाई भांडारात गेल्या. भांडारपाल म्हणजे आडमुठा म्हातारा. सुतळीची पावतीही तो जपून ठेवी. त्याने गठ्ठा सोडला, प्रत काढली, चष्मा वर करून वाचली.

“बाई, यात तुम्हीही अडकता. वाचलंत ना?”

“वाचलं.”

“मग न्या. पण आधी पोचपावतीवर सही करा.”

चौकशीत व्यवस्थापक म्हणाले, दिरासाठी बाईंनी कागद नंतर तयार केला. अधिकाऱ्याने मूळ वही मागवली. दोन दिवसांनी ती आली. बांधलेली नव्हती, आणि तेवढे एक पान नव्हते. अधिकाऱ्याने भांडाराच्या आवकनोंदीतली प्रतीची तारीख पाहिली, ती ३ नोव्हेंबरचीच होती; मग बाईंना विचारले, तीन टक्के दिसत असताना चालू शकते असे का लिहिले?

“साहेबांनी सांगितलं आणि मी ऐकलं,” बाई म्हणाल्या. “आकडा खरा आहे. त्याखालची ओळ खोटी आहे, आणि ती माझी आहे.”

दोष तीन ठिकाणी वाटला गेला: थोडा ऑपरेटरवर, थोडा बाईंवर, बहुतांश व्यवस्थापनावर. बाईंची नोकरी गेली. व्यवस्थापकांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. तिथे कोणती वाट चालते, याची बाईंना शंका आहे. धाकटी जाऊ अजून मोजकेच बोलते. त्यात क्षमा किती आणि नाइलाज किती, हे बाईंना पारखता आलेले नाही.

दोन्ही घरांना भरपाई देण्याचा आदेश निघाला. कारखान्याने त्याविरुद्ध अपील केले आहे. ऑपरेटरच्या बायकोला आणि फिटरच्या आईला द्यायची रक्कम अद्याप दिलेली नाही.