जाऊबाईंची सरळ सायकल

थोरल्या जाऊबाईंना मी अजूनही ताई म्हणते, अहो-जाहो करते, तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्याच ताटात वाढते. पण त्या सायकलीचं मनातून गेलेलं नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

आमचं बीडमध्ये कापडाचं दुकान. दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा आणि सासूबाई, सगळे एकाच घरात. पोरं शिकायला बाहेर गेली आणि त्यांच्या गियरच्या सायकली जिन्याखाली धूळ खात पडल्या. डॉक्टरांनी ताईंना गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली. एकट्यानं जायला नको म्हणून त्यांनी मला उठवलं. वर्षभर आम्ही सकाळी पालीपर्यंत जाऊन येत होतो. धरणाची भिंत दिसली की थांबायचं, पाणी प्यायचं, सासूबाईंची नक्कल करून पोट धरून हसायचं आणि परत फिरायचं. लग्न झाल्यापासून मी त्या घरात एवढी कधी हसले नव्हते. पुढं मांजरसुंब्याचा घाट चढायची ताईंना फार हौस. पोरांच्या जड सायकलींवर ते जमेना, तेव्हा नव्या घ्यायच्या ठरल्या.

संभाजीनगरच्या दुकानदारानं दोन प्रकार पुढं ठेवले. दोन्हींची चाकं बारीक, हँडलं मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. फरक होता तो बसण्यात. एकीचं हँडल खाली आणि लांब. ती पाठ आडवी करून चालवायची, चढाला आणि वेगाला चांगली. दुसरीचं हँडल वर. तिच्यावर पाठ बरीच सरळ राहते, लांब गेलं तरी कंबर धरत नाही, पण पळते कमी. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही दोन्ही चालवून पाहिल्या.

मी सरळ बसायची घेते म्हणाले. खरं तर मला वाकायचीच आवडली होती, पण तिच्यावर बसताच कुर्ता मागून वर सरकला आणि मी चटकन उतरले. ताई मात्र तिच्यावरून उतरेचनात. तीन चकरा मारून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"आपण दोघी हीच घेऊ," त्या म्हणाल्या.

"आणि आत्या काय म्हणतील?" सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. "लोक काय म्हणतील?"

"आत्यांचं मी बघते. आन लोकांचं म्हणशील, तर एकटीला हसतात गं. दोघींना कोण हसत न्हाई."

त्या शब्दावर मी वाकायची सायकल सांगितली. आमच्या उंचीच्या मागवाव्या लागणार होत्या.

आठवड्यानं टेम्पो आला. सासूबाई हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन फाटकात उभ्या, शेजारच्या चारजणी बघायला आलेल्या. आधी माझी उतरली. मग ताईंची उतरली, तर ती सरळ बसायची.

मला वाटलं, दुकानदार चुकला. मी बोललेसुद्धा, "ताई, तुमची दुसरीच आली." ताईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या पदरानं सीट पुसत राहिल्या.

सासूबाई कुंकू लावता लावता थांबल्या. "मोठीची बरी हाय. ह्या धाकटीची अशी कावून? बूड वर करून जायची का गावातून?"

शेजारणी हसल्या. आणि ताई म्हणाल्या, "मी लई सांगितलं हिला, आत्या. दुकानातच सांगितलं. ऐकलंच न्हाई."

तिथंच तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुपारी स्वयंपाकघरात मी त्यांना धरलं. फोन करून बदलली, म्हणाल्या, भीती वाटली. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, "तू बी बदला म्हणली असतीस. दोन-दोन सायकली बदला म्हणायची मला लाज वाटली त्या दुकानदाराची."

"आणि आत्यांना खोटं का सांगितलं?"

"आता झालं ते झालं. धर, तेवढं पीठ मळ."

त्या रागानंच मी सायकल चालवली. नाक्यावर पोरं शिट्ट्या मारत, दुकानात गिऱ्हाईकं आमच्या मालकांना विचारत, "वहिनी शर्यतीत हायत का?" ताई माझ्या शंभर पावलं मागं असत, ओळखीच्या नसल्यासारख्या. घाट मी एकटीनं चढले. वर पोचल्यावर ऊर भरून आला आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. त्या दिवशी मी रडले. पण सायकल विकली नाही. चढाला ती अशी पुढं निघते की ती सोडवेना.

असं वर्ष गेलं. मागच्या थंडीत एकदा पालीच्या पुढं ताई थांबल्या. "जरा दे बघू तुझी." आमची उंची बोटभर इकडंतिकडं. वाकल्या आणि सुटल्या त्या दिसेनाशा होईपर्यंत. परत आल्या तेव्हा गाल लाल, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी.

"लई भारी हाय गं! माझंच चुकलं बघ."

एवढंच ऐकायला मी वर्षभर थांबले होते. सगळं विसरले मी, वेडी. "मग आज घरापर्यंत हीच न्या," म्हणाले. "आत्यांना बघू द्या."

"नेते की!"

बीडपर्यंत त्या पुढं वाकून आणि मी मागं त्यांच्या सरळ सायकलीवर. पहिल्या वर्षासारखी आमची हसाहशी चालली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी, त्यांनी ब्रेक दाबला. उतरल्या. माझी सायकल माझ्याकडं दिली, आपली घेतली, ओढणी नीट केली आणि पाठ ताठ करून गल्लीत शिरल्या.

सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. "बघ मोठी कशी नीट बसती," त्या मला म्हणाल्या. "शिक जरा."

"मी तेच सांगत असते हिला," ताई म्हणाल्या, आणि सायकल लावून आत गेल्या.