बंद न पडलेल्या गाडीची ढाल

आमच्या वडिलांना, अण्णांना, आयुष्यात एकच बक्षीस मिळालं. तेही शाळामास्तर म्हणून नव्हे, मोटारसायकल बंद पडू दिली नाही म्हणून. त्या काळी गाडी घेण्याआधी गिऱ्हाईक एकच विचारायचं, "टिकंल का?" म्हणून नांदेडच्या एका गाड्यांच्या दुकानदारानं गाडीवाल्यांची चाचणी लावली. नांदेड, कंधार, मुखेड अशा दिवसभर फेऱ्या. इंजिन बंद पडलं की बाद. अण्णा चहासुद्धा सीटवर बसूनच प्याले आणि लाकडी ढाल घेऊन कंधारला घरी आले. पुढं ती खोडच जडली. भाजी घेतानाही गाडी फटफटत उभी. आई म्हणायची, "पोरीचं लग्न लागतानाही हे गाडी चालूच ठेवतील."

गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला. माझी थोरली बहीण, आक्का, तिकडंच दिलेली. रेडिओवर बातमी ऐकली आणि अण्णांनी मला मागं बसवलं. ढालवाली गाडी आता म्हातारी झाली होती. तापल्यावर बंद केली, तर निवेपर्यंत किक घेत नसे. लातूर ओलांडून आक्काच्या गावापर्यंत तिनं दम सोडला नाही. गाव कसलं, दगडमातीचे ढीग होते. आक्काची तान्ही लेक शेजारणीच्या मांडीवर होती, आक्का ढिगाखाली.

ढिगावर उभा असलेला माणूस म्हणाला, "मास्तर, गाडी बंद करा. खालचा आवाज ऐकायलोय आम्ही."

अण्णा हँडल धरून तसेच उभे. बंद केली, तर आक्काला दवाखान्यात कशावर न्यायचं? चालू ठेवली, तर ती सापडायची कशी? मी ओरडले तेव्हा त्यांनी चावी फिरवली.

त्या शांततेत खालून टकटक आली. आक्का निघाली, जिवंत. जखमींना न्यायला आलेला एकच ट्रक भरून कधीच गेला होता. अण्णा किक मारत सुटले. नडगी सोलवटली तरी मारतच होते. चादरीवर निजवलेली आक्का म्हणाली, "अण्णा, राहू द्या आता."

गाडी चालू झाली, तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं. मी देवाला, गाडीला, त्या मेल्या ढालीला शिव्या घातल्या. आजही घालते.

तान्ही आमच्याकडं वाढली. लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं, तेव्हा अण्णा तिला घेऊन तिथं खोली करून राहिले. तिला क्लासला सोडायचे आणि सुटेपर्यंत दारातच गाडी चालू ठेवून उभे राहायचे. पोरं हसायची. क्लासचे सर खिडकीतून सांगायचे, "आजोबा, गाडी बंद करा, शिकवायलोय."

"पोरगी बाहेर येऊ द्या," अण्णा म्हणायचे.