ड्रायव्हरने बदललेला जबाब

बावीस वर्षं त्याने शहरात बस चालवली. डेपोत त्याला 'पाचमिनिटं' म्हणत, कारण उशीर झाला की तो वाटेत हमखास पाच मिनिटं भरून काढायचा. कशी, ते कुणी विचारत नसे.

एका दुपारी गोदामांजवळच्या थांब्यावरून दगड आला. समोरची काच फुटली आणि एक तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. तरी त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. प्रवाशांपैकी कुणाला खरचटलंही नाही. डोळा मात्र गेला.

दगड मारणारी मुलगी पंधरा वर्षांची होती. ती पळाली नाही, पोलीस येईपर्यंत थांब्यावरच उभी होती. ड्रायव्हरने जबाबात सांगितलं की थांब्यावर कुणी दिसलं नाही, म्हणून गाडी थांबवली नाही.

डेपोने त्याला वेळापत्रकाच्या खिडकीत बसवलं. अंतराचा अंदाज येईना. चहा कपाबाहेर सांडायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकायची.

चार महिन्यांनी एक समुपदेशक बाई घरी आल्या. मुलीला सुधारगृहात पाठवण्याआधी एक बैठक घेता येते, म्हणाल्या. ती, तिची माणसं, वस्तीतली दोघं आणि तुम्ही. तुमची तयारी असेल तरच.

"बघू," तो म्हणाला.

"कशाने?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "एक डोळा गेला तेवढा पुरे. आता डोकं घालवू नका."

तरीही तो गेला, आणि बायकोही बरोबर गेली. शाळेच्या रिकाम्या वर्गात गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगी आणि तिची मावशी, कोपऱ्यावरचा औषधवाला, एक निवृत्त नर्स. आधी त्याने सांगितलं. चहाचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, नात जवळ यायला घाबरते तेही सांगितलं. मावशीने डोळे पुसले. मुलगी जमिनीकडे बघत होती.

"तुला काय सांगायचंय?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"आई दवाखान्यात होती. भेटायची वेळ पाचपर्यंत. तीन दिवस गाडी थांबली नाही, आणि चौथ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं." मग तिने मान वर केली. "तुम्ही बघितलं होतं मला. तिन्ही दिवस."

"साफ खोटं," बायको म्हणाली. "जबाबात लिहिलंय, कुणी दिसलं नाही."

"खोटं नाही," तो म्हणाला. "बघितलं होतं. एकटीच होती. एकीसाठी कुठे थांबायचं, असं वाटलं."

बायकोने मांडीवरची पर्स उचलली आणि पुन्हा मांडीवरच ठेवली.

"मला काच फोडायची होती," मुलगी म्हणाली. "तुमचा डोळा परत नाही ना येणार?"

"नाही."

तेव्हा कुठे ती रडली.

जे ठरलं ते कागदावर लिहिलं. सहा महिने दर रविवारी तिने डेपोत गाड्या धुवायच्या. शाळा सुटल्यावर औषधवाल्याच्या मागच्या खोलीत अभ्यास करायचा. नर्सने तिला आईकडे नेऊन आणायचं. ड्रायव्हरने जबाब बदलायचा. तो त्याने दुसऱ्याच दिवशी बदलला. डेपोने ठपक्याचं पत्र दिलं आणि त्याला खिडकीतून उचलून भांडारात टाकलं. बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, मीठ हवंय का एवढं सोडून.

पाच रविवारांनंतर मुलगी यायची बंद झाली. नियमाप्रमाणे तसं वर कळवायला हवं होतं. "आधी घरी जाऊन बघू," औषधवाला म्हणाला. आईला घरी आणलं होतं आणि तिचं सगळं मुलगी एकटी करत होती. मग मावशी तिथेच राहायला आली, नर्सने सकाळचं काम वाटून घेतलं. सहा महिन्यांचं काम दहा महिन्यांत संपलं. आई त्याआधीच गेली.

तो आता वस्तीतला माणूस म्हणून अशा बैठकांना बसतो. आजवर अकरा झाल्या. दोन मुलं पुढे आलीच नाहीत, एकाने पुन्हा चोरी केली. सगळं मार्गी लागतं असं तो कुणालाही सांगत नाही.

मुलगी हल्ली छापखान्यात काम करते. परवा बाजारात समोर आली, बरोबर मैत्रीण होती. "हे ओळखीचे आहेत," तिने मैत्रिणीला सांगितलं.

"बरी आहेस?"

"आहे. तुम्ही?"

"चाललंय."

ती गर्दीत पुढे गेली. बायको मागे वळून बघत राहिली.

"उंच झाली," ती म्हणाली.